मैदानाला नऊ दिवसांच्या वर कुलूप नको

नागपुरातल्या मैदानांच्या किल्ल्या ज्यांच्या ज्यांच्या हाती आहेत, त्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

संबोधन मोघम आहे, कारण तुम्ही नेमके कोण हे शोधण्यात माझे दोन महिने गेले. जागा एकाची, परवानगी दुसऱ्याची, भाडं तिसऱ्याकडे जमा. कुलूप लावणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मले काय माहीत मॅडम, मले लावाले सांगतलं, मी लावलं." म्हणून पत्र सगळ्यांनाच. मैदानाचं नावही लिहीत नाही. लिहिलं की त्या एका मैदानापुरती डागडुजी होते, फोटो निघतात आणि कुलूप दुसऱ्या मैदानावर जातं.

मी ज्युनियर कॉलेजात ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझ्या मिस्टरांना हृदयविकाराचा झटका आला. रात्रभर कूलर घरघरत होता आणि तरी हे पहाटे घामाने निथळत उठून बसले. "छातीवर वरवंटा ठेवल्यावानी वाटून राहिलं," एवढंच म्हणाले. शेजारच्या मुलाने गाडी काढली. दीड तासाच्या आत शीर उघडली, स्टेंट बसला. डिस्चार्जच्या कागदावर सहा गोळ्या टाइप केलेल्या होत्या आणि सातवी ओळ डॉक्टरांनी पेनाने लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: रोज ४० मिनिटं चालणं.

सहा गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात. सातवं औषध आम्हाला मिळतं ते तुमच्या मैदानावर. घरापासून ४०० पावलं. पहाटे साडेपाचला आम्ही दोघं पोचतो तेव्हा तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि एक ड्रायव्हर अशी जोडगोळी आधीच दोन फेऱ्या मारून झालेली असते. दोन भाजीवाल्या कॉटन मार्केटला जायच्या आधी चपला हातात घेऊन गवतावरून चालतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बाहेरच्या कडेने पळतात आणि आम्हा म्हाताऱ्यांना "साइड, साइड" म्हणत ओलांडतात.

गेल्या हिवाळ्यात हे औषध २६ दिवस बंद होतं. मांडव उभारायला चार दिवस, गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन सतरा दिवस, आवरायला पाच. तेही डिसेंबर-जानेवारीत. नागपूरकराला चालायला खरे महिने चारच मिळतात. मार्चनंतर साडेसहालाच ऊन टोचायला लागतं, मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर, आणि पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं. त्या चारातला एक महिना तुम्ही भाड्याने दिलात.

मिस्टर पहिले दोन दिवस रस्त्यावर चालून आले. आमच्याकडचा सिमेंट रस्ता घराच्या उंबऱ्याहून वीतभर उंच झालाय, त्याला फुटपाथ आहे पण त्यावर डीपी आहे, पानठेला आहे आणि कोणाची तरी झाकून ठेवलेली कार आहे. दुसऱ्या दिवशी रेतीचा टिप्पर इतका जवळून गेला की हे घरी येऊन खुर्चीत बसले ते पेपर चाळत बसूनच राहिले. सत्ताविसाव्या दिवशी फाटक उघडलं. एरवी आठ फेऱ्या मारणारा माणूस तिसऱ्या फेरीला बाकावर बसला. चौथ्या फेरीला खिळा बुटातून आत गेला. त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्यापैकी एकाने मला फोनवर फार प्रेमाने समजावलं होतं, "मॅडम, वीस-पंचवीस दिवसांनी काय फरक पडते?" हे पत्र त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं लांबेल. वर्गात पंचेचाळीस मिनिटांची सवय आहे.

आधी झटक्यात काय होतं ते. हृदयाला रक्त पुरवणारी शीर गुठळीने बंद पडते. तिच्या पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळत नाही, तो मरायला लागतो. शीर लवकर उघडली की स्नायू वाचतो, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण उघडल्याबरोबर परत येणारं रक्तही काही इजा करतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. नागपूरकराला हे समजावायला पुस्तक नको. लाइट गेली की आपल्याकडे शहाणं माणूस आधी फ्रिजचं बटण बंद करतं, कारण लाइट जाताना फ्रिज जळत नाही, येतानाच्या झटक्याने जळतो. हृदयाच्या पेशीतही तसंच घडतं. रक्त परत आलं की कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि पेशीतली वीजघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्या आवरणाला भोकं पडून ती फुगतात. तोवर तग धरून असलेल्या काही पेशी त्यात जातात. म्हणून शीर उघडायला उशीर केलेला बरा असा उफराटा अर्थ कोणी काढू नका. वेळेत उघडली नाही तर सगळंच जातं. प्रश्न एवढाच की लाइट येण्याआधी घरात स्टॅबिलायझर बसवलेला आहे की नाही.

असा स्टॅबिलायझर शरीरात बसू शकतो याचा पहिला ठोस पुरावा १९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून आला. कुत्र्यांच्या हृदयाची शीर आधी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद करून सोडली आणि मग सलग ४० मिनिटं बंद ठेवली. ज्यांना ही छोटी छोटी 'तालीम' मिळाली नव्हती, त्यांच्या तुलनेत तालीमवाल्यांच्या हृदयाचं नुकसान जेमतेम पाव भागावर आलं. लहान त्रास सोसलेलं हृदय मोठा त्रास सोसायला तयार होतं. कुत्र्यांवर हे असं करणं वाचताना मला आजही कसंसं होतं, पण त्या प्रयोगावरच पुढचा सगळा अभ्यास उभा आहे.

माझ्या सगळ्यात आवडीचा प्रयोग मात्र सशाचा. २०१२ साली डेन्मार्कमधल्या एका चमूने निरोगी माणसांना थोडा वेळ जोराचा व्यायाम करायला लावला. व्यायामाआधीचं आणि नंतरचं रक्त घेतलं, ते गाळून त्यातले लहान रेणू असलेला द्रव वेगळा केला आणि सशाच्या शरीराबाहेर धडधडत ठेवलेल्या हृदयातून तो सोडला. मग त्या हृदयाचा रक्तपुरवठा तोडला आणि पुन्हा सुरू केला. व्यायामानंतरच्या द्रवाने सशाच्या हृदयाचं नुकसान कमी झालं. व्यायाम केला माणसाने, हृदय वाचलं सशाचं. याचा अर्थ व्यायामाचं जे काही पुण्य आहे ते रक्तात उतरतं, बाटलीत भरता येतं आणि दुसऱ्या प्राण्याच्या हृदयालाही पोचतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी वर्गात शिकवायचा धडा बाजूला ठेवला होता.

रक्तात उतरतं ते काय? एकच एक वस्तू नाही. कोपनहेगनच्या बेन्टे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालाच्या सुमारास दाखवून दिलं की आकुंचन पावणारा स्नायू स्वतः इंटरल्युकिन-६ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात त्याची पातळी शंभरपटीपर्यंत चढते. तोवर स्नायू म्हणजे हाडं हलवणारी दोरी असं आम्ही शिकवत होतो. आता तो थायरॉइडसारखी एक ग्रंथीच निघाला, तीही शरीरातली सगळ्यात मोठी. स्नायूतून निघणाऱ्या या निरोप्यांना त्यांनी मायोकाइन म्हटलं. २०१२ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने अशाच एका रेणूला आयरिसिन नाव दिलं, देवांचे निरोप पोचवणाऱ्या आयरिस या ग्रीक देवतेवरून. आपल्याकडे सापडला असता तर नारद म्हटलं असतं. २०१८ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठाने मायोनेक्टिन तपासलं. हेही स्नायूतूनच निघतं आणि पळणाऱ्या उंदरांच्या रक्तात वाढतं. ज्या उंदरांत ते मुळातच तयार होत नव्हतं, त्यांच्या हृदयाची इजा जास्त मोठी झाली.

आणि नायट्रिक ऑक्साइड. हा तर वायू. आपण झपाझप चालतो तेव्हा रक्त जोराने वाहतं आणि शिरांच्या आतल्या अस्तराला घासत जातं. त्या घासण्याने अस्तरातलं एक विकर जागं होऊन नायट्रिक ऑक्साइड बनवतं, शीर सैल पडते. हे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. पण वायू काही सेकंदांत विरून जातो, मग तो झटक्याच्या दिवशी उपयोगी कसा पडणार? २०११ साली अमेरिकेतल्या एका चमूने उंदरांना चार आठवडे चाकावर पळू दिलं. त्यांच्या हृदयात हा वायू नायट्राइट आणि नायट्रोसोथायॉल या रूपांत साठून राहिलेला सापडला. डाळ-तांदूळ भरून ठेवावेत तसा. पळणं बंद केल्यावर आठवडाभर तरी तो साठा आणि त्याचं संरक्षण टिकलं.

आठवडाभर. इथून माझं खरं म्हणणं सुरू होतं.

फ्लोरिडा विद्यापीठात २००४ साली उंदरांना थोडे दिवस ट्रेडमिलवर पळवून मग आरामात ठेवलं गेलं आणि ठरावीक दिवसांनी त्यांच्या हृदयांची परीक्षा घेतली गेली: एक दिवसाने, तीन दिवसांनी, नऊ दिवसांनी, अठरा दिवसांनी. नवव्या दिवशीही कवच शाबूत होतं. अठराव्या दिवशी ते गेलेलं होतं, जन्मात कधी न पळालेल्या उंदरासारखंच. कमावलेलं सगळं नऊ आणि अठरा दिवसांच्या मध्ये कुठे तरी सांडलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी पोरांना ३१ वर्षं सांगितलं आणि आताही सांगते. पण मग माणसाचंच घ्या. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांची पन्नाशी आली होती. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं. आमच्या ह्यांनी काही खाट धरली नव्हती, खुर्ची धरली होती. तरीही तिसऱ्या फेरीला बाक का लागला, ते मला कळलं.

'वीस-पंचवीस दिवसांनी काय फरक पडते' याचं उत्तर असं आहे. प्रदर्शन नऊ दिवसांचं असतं तर कदाचित काहीच पडला नसता. सव्वीस दिवसांनी पडतो.

आता तुमच्या प्रदर्शनातली गंमत. मी तिकीट काढून आत गेले होते. सकाळी जिथे आमची दुसरी फेरी पूर्ण होते, बरोबर त्या जागी एक स्टॉल होता. पाटी होती: 'हृदयाचे सुरक्षा कवच'. डब्यात पावडर, किंमत १,४९९ रुपये, दोन घेतल्यास शेकर फुकट. स्टॉलवरचा पोरगा चुणचुणीत होता. "आंटी, यात व्यायामाचे मॉलिक्युल आहेत. जिमला जायची गरजच नाही." मी म्हटलं, बेटा, कोणते? तो म्हणाला, "सगळेच." आमच्या चालायच्या जागेवर भाडं देऊन उभं राहायचं आणि न चालण्याचं औषध विकायचं! मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. त्याला एवढंच सांगितलं की प्रथिन तोंडाने घेतलं की पोटात त्याचं वरण होतं. इन्शुलिन म्हणूनच टोचून घ्यावं लागतं. तोही हसला आणि मला शेकर देऊ लागला.

त्या पोराचं सोडा, मोठमोठ्या तज्ज्ञांनाही हा आडरस्ता सापडलेला नाही. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध मायटोकॉन्ड्रियाची ती भोकं बंद ठेवतं, प्राण्यांत फार आशा दिसली होती. २०१५ साली मोठ्या झटक्याच्या ९७० रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा झाला नाही. मग युक्ती निघाली की दंडाला बीपीचा पट्टा आवळून-सोडून, आवळून-सोडून लांबूनच हृदयाला तालीम द्यायची. २०१९ साली युरोपात पाच हजारांवर रुग्णांत ती तपासली. तिथेही हाती काही लागलं नाही. ऐन झटक्याच्या वेळी घाईघाईने बसवलेला स्टॅबिलायझर चालत नाही असं दिसतंय. एक रेणू वेगळा काढून दिला की तो एकटा पडतो. चालताना मात्र हे सगळे निरोपे एकत्र निघतात, रोज निघतात, आणि झटक्याच्या दिवशी आधीच घरात हजर असतात.

म्हणजे झटका येऊच नये यासाठी चालायचं, एवढंच नाही. आलाच तर त्यातून वाचावं म्हणूनही. युरोपातल्या दहा दीर्घ अभ्यासांची माहिती २०२१ साली एकत्र केली गेली, झटका आलेली २८,१४० माणसं. झटक्याआधी बेताची हालचाल असणाऱ्यांत जागच्या जागी दगावण्याचं प्रमाण बसून राहणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं, भरपूर हालचाल असणाऱ्यांत ४५ टक्क्यांनी. आमच्या ह्यांच्यासारख्याला, ज्याला एक झटका येऊन गेलाय, हा आकडा वाचताना काय वाटत असेल ते तुम्ही समजू शकाल.

कंडक्टरकाकांना मी एकदा लंडनची गोष्ट सांगितली होती. १९५३ साली जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या डबल डेकर बसमधल्या माणसांचा हिशेब मांडला. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांच्या मानाने जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांत पहिल्यांदा दिसला तो तिथे. पुढे त्याने गणवेशाच्या मापांचीही वही काढली, ड्रायव्हरांच्या पॅन्टींचा घेर जास्त निघाला. कंडक्टरकाका खूश. "म्या सांगत नव्हतो? नागपूर-उमरेड लाल डब्यात खडे प्रवासी ठेलत मागून पुढं, पुढून मागं, दिवसभर तेच!" गंमत अशी की आमच्याकडे ड्रायव्हरकाका काडीसारखे आणि शुगर आहे ती कंडक्टरकाकांना. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याच दिवशी सांगून झालं.

पण आता कंडक्टरचा जिना कोणाच्या कामात उरलाय? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रही होता. पाहणीतली ५४.४ टक्के माणसं पुरेशी हालचाल न करणारी निघाली, आणि मोकळ्या वेळात चालणं, खेळणं, व्यायाम असं काही करणारी दहा टक्केही नव्हती. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. पोराचं शिक्षण चालू असतं, घराचे हप्ते चालू असतात, त्या वयात.

मला सुचवण्यात आलं की अंबाझरीला जा, फुटाळ्याला जा, सेमिनरी हिल्सला काय छान हवा असते. असते. मीही कॉलेजात असताना तिथे फिरले आहे. पण शहराच्या या टोकावरून तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि पहाटे साडेपाचला ज्या भाजीवाल्या बाईला साडेसहाला कॉटन मार्केट गाठायचंय, तिला सेमिनरी हिल्सची हवा सांगू नये. पश्चिम नागपुराला तलाव आणि टेकड्या आहेत. आमच्या वाट्याला एक मैदान आहे. जिमचंही सुचवलं गेलं. महिन्याचे बाराशे, वर गाणी.

तुमची अडचणही मला कळते. मैदान राखायचं तर पैसा लागतो, आणि चालणाऱ्याकडून दमडी मिळत नाही. प्रदर्शनवाला रोख मोजतो. लग्नं, मेळावे, प्रवचनं, सगळ्यांना जागा हवी, आणि शहरात मोकळी जागा उरली आहेच किती. म्हणून कार्यक्रम बंदच करा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं फार साधं आहे, आणि ते उंदरांनी ठरवून दिलंय: मैदान सलग नऊ दिवसांच्या वर बंद राहू नये. मांडव घालण्या-काढण्याचे दिवस धरून नऊ. आपल्याकडे हा आकडा कोणाला समजावून सांगावा लागणार नाही, नवरात्राइतके दिवस म्हटलं की झालं. ज्याला सतरा दिवसांचं प्रदर्शन हवं त्याने पहाटे पाच ते आठ फाटक उघडं ठेवावं आणि मांडवाभोवती दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी कड मोकळी सोडावी. प्रदर्शनाची दुकानं दुपारी उघडतात, पहाटे तिथे एक रखवालदार आणि त्याची शेकोटी याशिवाय काही नसतं. आम्ही कोणाची मिक्सर चोरून नेणार नाही. आणि डिसेंबर-जानेवारी मिळून एकच मोठा कार्यक्रम. बाकीचे पावसाळ्यानंतर लगेच घ्या, फेब्रुवारीअखेर घ्या, बसून ठरवता येईल.

दुसरी मागणी खिळ्यांची. मांडव निघाल्यावर मैदान परत ताब्यात घेताना कोणी तरी त्यावरून एकदा चालून बघत जा हो. फाटक उघडलं तेव्हा बल्ल्यांचे खड्डे तसेच होते, वीतभर खोल, त्यात गवत आणि कागदी प्लेटा. भरतीच्या पोरांपैकी एकाचा पाय त्यातल्याच एकात मुरगळला, त्याची मैदानी चाचणी पंधरा दिवसांवर होती. ह्यांच्या बुटातून खिळा आत गेला तो टाचेजवळ, दीड इंची, डोक्याला पिवळ्या सॅटिनचा तुकडा अडकलेला. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असलेल्या माणसाला खिळा लागला की काय होतं, ते मी बाकावर बसून अर्धा तास रुमाल दाबून धरून पाहिलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आठ दिवस बूट घालता आला नाही. म्हणजे सव्वीस आणि आठ, चौतीस.

त्यानंतर आमच्या चमूने आठवडाभर चालायच्या ऐवजी वाकून खिळे वेचले. ड्रायव्हरकाकांनी जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून आणलं, भाजीवाल्या बायांची नजर आमच्यापेक्षा तेज. बोर्नव्हिटाचा एक मोठा डबा काठोकाठ भरला. किराणावाल्याकडे वजन केलं: दोन किलो तीनशे ग्रॅम, डब्यासकट.

फाटकावर परवा नवीन फ्लेक्स लागलाय. या वेळचा कार्यक्रम बावीस दिवसांचा आहे, मांडवाचे दिवस वेगळे. परवानगी कोणी दिली ते अजून मला समजलेलं नाही, पण मांडवाचं सामान उतरायला अजून बारा दिवस आहेत आणि तेवढ्यात कागदावरचा एक आकडा बदलता येतो. बोलायचं असेल तर मी रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा तिथेच असते, सोबत काळी टोपी घातलेले मिस्टर असतात, ते सध्या सहाव्या फेरीपर्यंत परत आलेत. डबा फाटकाशेजारच्या चहावाल्याकडे ठेवलाय. खिळे तुमच्या डेकोरेशनवाल्याचे आहेत, त्याला निरोप द्या, येऊन घेऊन जाईल.

आपली,
त्या मैदानावर रोज चालणारी एक निवृत्त शिक्षिका
नागपूर